उन्हानं मोडलं, उन्हानंच जोडलं

दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रात वसंत येतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात. बर्फाखालचं पाणी तेव्हा उणे 1.8 अंशांच्या आसपास असतं. खारं असल्यामुळेच ते अजून द्रवरूपात असतं. या पाण्यात राहणाऱ्या जीवाणूंचा सगळा संसार संथ चालतो. तापमान दहा अंशांनी उतरलं की बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग निम्म्यावर किंवा एक तृतीयांशावर येतो. आपल्या आतड्यातल्या 37 अंशांत एखादं विकर, म्हणजे एन्झाइम, जे काम मिनिटभरात उरकतं, त्याच कामाला गोठणबिंदूजवळ पाव तासापासून तासाभरापर्यंत वेळ लागेल.

सूर्याचे अतिनील किरण मात्र थंडी मानत नाहीत. डीएनएच्या साखळीत थायमिनचे दोन रेणू शेजारीशेजारी असले आणि अतिनील प्रकाशाचा एक कण तिथं शोषला गेला, तर ते दोघं एकमेकांना घट्ट चिकटू शकतात. या जोडीला थायमिन डायमर म्हणतात. ही जोडी जुळायला लागणारा वेळ 2007 साली मोजला गेला, तेव्हा तो सुमारे एक पिकोसेकंद निघाला. पिकोसेकंद म्हणजे एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग. चिकटलेल्या जोडीपाशी डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा अडखळते, पेशी विभागू शकत नाही आणि असे डाग वाढत गेले की मरते. म्हणजे थंड पाण्यात इजा पूर्ण वेगानं होते आणि दुरुस्ती रखडत चालते. हा व्यवहार इतका एकतर्फी असेल तर ध्रुवीय समुद्राच्या वरच्या थरात जीवाणू टिकायलाच नकोत. पण ते टिकतात, आणि त्याचं बरंचसं श्रेय फोटोलायेज नावाच्या विकराला जातं. हे विकर कुणी मुद्दाम शोधायला गेलं नव्हतं. त्याच्या शोधाच्या वाटेवर थंडी आणि ऊन पुन्हा पुन्हा भेटतात, म्हणून ही वाट सुरुवातीपासून चालून पाहण्यासारखी आहे.

ऊन जंतूंना मारतं हे 1877 साली इंग्लंडमधल्या आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट यांनी दाखवलं. पोषक द्रावणाच्या काही नळ्या त्यांनी उन्हात ठेवल्या, काही झाकून ठेवल्या. झाकलेल्या नळ्या जंतूंनी गढूळ झाल्या, उन्हातल्या स्वच्छ राहिल्या. रंगीत काचा वापरून त्यांनी हेही पाहिलं की हा परिणाम निळ्या-जांभळ्या टोकाकडचा प्रकाश जास्त करतो. पुढे 1928 ते 1930 या काळात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक गेट्स यांनी वेगवेगळ्या तरंगलांबीचा अतिनील प्रकाश स्टॅफिलोकॉकस जीवाणूंवर सोडला आणि कोणती तरंगलांबी किती मारक आहे याचा आलेख काढला. तो आलेख न्यूक्लिइक आम्लांच्या घटकांच्या शोषणाशी जुळला. जनुकं प्रथिनांची बनलेली असणार असंच तेव्हा बहुतेक मानत होते. त्यामुळे गेट्स यांनी दाखवलेल्या दिशेकडे फारसं कुणी वळलं नाही. आज मागे वळून पाहताना ती दिशा किती ठळक दाखवलेली होती याचं नवल वाटतं.

यानंतरची गोष्ट अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेतली. दुसरं महायुद्ध संपलं होतं, स्ट्रेप्टोमायसिन नुकतंच हाती आलं होतं आणि प्रतिजैविकांचा शोध जोरात होता. अल्बर्ट केल्नर हे तरुण संशोधक स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस या जीवाणूच्या बीजाणूंवर अतिनील किरणांचा मारा करत होते. हेतू असा, की वाचलेल्यांत एखादा वेगळं प्रतिजैविक बनवणारा निघावा. पण आकडे हाती लागेनात. किरणांची मात्रा तीच, बीजाणू तेच, पद्धत तीच, तरी एकदा मूठभर वाचायचे आणि एकदा असंख्य.

केल्नर यांचा पहिला संशय तापमानावर गेला. किरण दिल्यानंतर बीजाणू ज्या तापमानाला ठेवतो त्यानुसार ते सावरत असावेत, असं त्यांना वाटलं, आणि ते तसं वाजवीच होतं. त्यांनी तापमान काटेकोर सांभाळलं, तरी आकड्यांची उडी कमी होईना. तापमान सांभाळणारी पाण्याची काचेची टाकी खिडकीसमोर होती. टाकीतल्या कोणत्या नळीवर किती उजेड पडतो याकडे लक्ष गेलं तेव्हा गाठ सुटली. उजेडात ठेवलेल्या बीजाणूंत जगणाऱ्यांचं प्रमाण अंधारातल्यांपेक्षा प्रचंड वाढत होतं. काही प्रयोगांत एक लाख पटींहूनही जास्त. 1949 साली हे प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी इंडियाना विद्यापीठात साल्वादोर लुरिया यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रेनातो दुल्बेको यांनी जीवाणूभक्षक विषाणूंमध्ये हेच पाहिलं. त्यांच्या बशा ट्यूबलाइटखाली एकावर एक रचलेल्या होत्या आणि वरच्या बशांतले विषाणू जास्त जिवंत होत होते.

या प्रसंगाकडे योगायोग म्हणून पाहिलं जातं. मला त्यात केल्नर यांची चिकाटी जास्त दिसते. विस्कळीत आकडे म्हणजे हातचूक असं मानून तो कागद बाजूला सारणं सोपं होतं, आणि आधी तसं घडलंही असणार. 1933 साली जर्मनीत हाउसर आणि फॉन ओमके यांनी केळ्याच्या सालीवर अतिनील किरणांनी पडणारे तपकिरी डाग दृश्य प्रकाशानं रोखता येतात हे नोंदवलं होतं. ती नोंद तशीच पडून राहिली. जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेला खिडक्या होत्या, आणि अतिनील किरणांचे कित्येक प्रयोग त्या खिडक्यांच्या उजेडात गुपचूप बिघडत होते.

प्रकाशानं दुरुस्ती होते हे कळलं, पण दुरुस्त कोण करतं? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्टॅनली रूपर्ट, सोल गुडगल आणि रॉजर हेरियट यांनी 1957-58च्या सुमारास हा प्रश्न पेशीबाहेर काढला. हीमोफिलस इन्फ्लुएन्झा हा जीवाणू बाहेरचा डीएनए आत ओढून घेतो. सोयीची दुसरी गोष्ट अशी, की त्याच्यात उजेडात सावरण्याची ही क्षमताच नाही. त्याच्यासाठीचा डीएनए त्यांनी अतिनील किरणांनी निकामी केला, मग त्यात ई. कोलाय जीवाणूंचा अर्क घातला. अंधारात काहीच झालं नाही. दिवा लावला तेव्हा डीएनए पुन्हा कामाला लागला. अर्क तापवला की त्याचा गुण जात होता. म्हणजे अर्कात विकर होतं, आणि ते प्रकाशाशिवाय काम करत नव्हतं. असं विकर तोवर कुणाला माहीत नव्हतं.

आता मूळ इजा काय होती ते कळायचं होतं, आणि इथं बर्फ मदतीला आला. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात आर. ब्यूकर्स आणि डब्ल्यू. बेरेंड्स थायमिनच्या द्रावणावर अतिनील किरण सोडत होते. पाण्यात थायमिनचे रेणू विखुरलेले असतात, त्यामुळे फारसं काही घडत नव्हतं. द्रावण गोठवून किरण सोडले, आणि थायमिनचं अतिनील शोषण झपाट्यानं कमी झालं. पाणी बर्फ होताना थायमिनचे रेणू एकमेकांजवळ ढकलले जातात, चळतीसारखे रचले जातात आणि मग किरण पडला की जोडीजोडीनं चिकटतात. डीएनएच्या साखळीत ते आधीच अशा चळतीत असतात, म्हणून जिवंत पेशीत त्याला बर्फाची गरज लागत नाही. 1960 साली त्यांनी हा डायमर वेगळा काढून त्याची रचना सांगितली. दोनच वर्षांत डॅनियल वुल्फ आणि रूपर्ट यांनी दाखवलं की प्रकाशावर चालणारं ते विकर नेमके हेच डायमर नाहीसे करतं. थंडीतल्या जीवाणूंना सर्वांत जास्त छळणारी इजा माणसाला पहिल्यांदा बर्फाच्या तुकड्यात सापडली, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

1964 साली अंधारात चालणारी दुसरी दुरुस्तीही हाती लागली. रिचर्ड सेटलो आणि विल्यम कॅरियर यांनी, आणि स्वतंत्रपणे रिचर्ड बॉइस व पॉल हॉवर्ड-फ्लँडर्स यांनी पाहिलं, की पेशी डायमर असलेला तुकडाच साखळीतून कापून काढते आणि समोरच्या साखळीवरून रिकामी जागा भरते. ही पद्धत सर्वत्र चालते, आपल्यातही. ती बिघडली की झेरोडर्मा पिगमेंटोझम हा आजार होतो, ज्यात उन्हानं कातडीचे कर्करोग होतात; जेम्स क्लीव्हर यांनी 1968 साली तो संबंध दाखवला. पण ती खर्चिक आहे. कितीतरी प्रथिनं एकामागून एक यावी लागतात, रासायनिक इंधन जाळावं लागतं, जीवाणूंत बारा-तेरा अक्षरांचा तुकडा फेकून नवा विणावा लागतो. यातलं प्रत्येक पाऊल थंडीत मंदावतं.

फोटोलायेजचं काम याच्या अगदी उलट, हे समजायला आणखी वीस वर्षं गेली, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा अझीझ संजार यांचा. तुर्कस्तानच्या आग्नेयेकडच्या सावूर गावात 1946 साली जन्मलेले संजार इस्तंबूलला डॉक्टर झाले, काही काळ गावाकडे रोगी तपासले आणि मग डॅलसला आले. रूपर्ट तोवर तिथल्या टेक्सास विद्यापीठात आले होते. ई. कोलायमध्ये हे विकर इतकं कमी असतं, की पेशीमागे दहा-वीस रेणू. एवढ्यावर रसायनशास्त्र करणार कसं? संजार यांनी त्याचं जनुकच वेगळं काढून पेशींकडून ते भरपूर बनवून घेतलं. त्या काळात जनुक वेगळं काढणं हे मोठंच काम होतं. तरीही पीएच.डी.नंतर त्यांना संशोधकाची जागा मिळाली नाही. येल विद्यापीठात ते तंत्रज्ञ म्हणून लागले आणि तिथं अंधारातल्या दुरुस्तीच्या प्रथिनांवर काम केलं. पुढे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात ते फोटोलायेजकडे परतले. शुद्ध केलेलं विकर निळंशार निघालं. तो रंग त्यातल्या फ्लेविनचा होता, म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी रायबोफ्लेविनपासून बनणाऱ्या रेणूचा. 2015 साली तोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासोबत संजार यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

फोटोलायेज कसं चालतं ते आता बरंच उलगडलं आहे. विकर अंधारातच डायमर शोधतं, त्यावर बसतं आणि चिकटलेली जोडी साखळीतून बाहेर वळवून आपल्या पोकळीत घेतं. मग वाट पाहतं. त्याच्यात अँटेनासारखा एक रेणू असतो, ई. कोलायमध्ये तो फोलेटचा, काही जीवाणूंत वेगळा. निळ्या किंवा जवळच्या अतिनील प्रकाशाचा कण तो पकडतो आणि ऊर्जा फ्लेविनला देतो. फ्लेविन एक इलेक्ट्रॉन डायमरला देतं, जोडी सुटते, इलेक्ट्रॉन परत येतो आणि विकर पुढच्या कामाला मोकळं. प्रकाश पडल्यापासून जोडी सुटेपर्यंत एक नॅनोसेकंदसुद्धा लागत नाही. 2023च्या अखेरीस दोन गटांनी क्ष-किरणांच्या अतिशय लहान स्पंदांनी या हालचालीची पावलापावलाची चित्रं काढली.

थंडीत याचं मोल कळतं. विकरांना उष्णता लागते ती उंबरठा ओलांडायला. इथं तो प्रकाशाच्या कणानं ओलांडला जातो. इजा करणारी क्रिया प्रकाशावर चालते म्हणून थंडीत थांबत नाही, आणि जोडी सोडवणारं मुख्य पाऊलही प्रकाशावर चालतं म्हणून तेही थांबत नाही. डायमर शोधणं, त्याला धरणं, विकराचं अंग वाकणं, ही अंधारातली पावलं तेवढी तापमानाच्या ताब्यात राहतात. शीतप्रिय जीवाणूंच्या विकरांत फरक पडला असेल तर तो प्रामुख्यानं इथंच शोधायला हवा. बेल्जियममधल्या लीज विद्यापीठातल्या जॉर्ज फेलर आणि शार्ल जेर्दे यांनी अंटार्क्टिक जीवाणूच्या स्टार्च पचवणाऱ्या विकराचा बारकाईनं अभ्यास केला. त्यातून दिसतं की थंडीतली विकरं सैल बांधणीची असतात. त्यांना आतून घट्ट धरणारे दुवे कमी असतात, म्हणून थंडीतही ती लवचिक राहतात, आणि त्याची किंमत म्हणून थोड्याशा उबेनंही विस्कटतात.

1985 साली हा सगळा विषय प्रयोगशाळेतून थेट समुद्रावर गेला. जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन यांनी अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरून ओझोनचा थर वसंतात कमालीचा विरळ होत असल्याचं जाहीर केलं. ओझोनच्या छिद्रानं नेमका काय घोळ केला ते मला फोटोलायेजमुळेच नीट समजलं. ओझोन अडवतो ते मुख्यतः अतिनील-ब किरण, म्हणजे इजा करणारे. निळा प्रकाश आणि अतिनील-अ, म्हणजे दुरुस्तीला लागणारा उजेड, ओझोन असो वा नसो, जवळजवळ तेवढाच येतो. एरवी ही दोन्ही सूर्याबरोबर वाढतात, सूर्याबरोबर मावळतात. ध्रुवीय रात्रीत फोटोलायेज निरुपयोगी, पण तेव्हा इजाही नसते. स्वच्छ समुद्रात निळा प्रकाश अतिनील-ब पेक्षा खोल जातो, त्यामुळे भरकटत खाली गेलेल्या पेशीला इजा थांबल्यावरही दुरुस्तीचा उजेड मिळत राहतो. कोट्यवधी वर्षांत बसलेला हा ताळेबंद ओझोनच्या छिद्रानं एका बाजूनं मोडला: इजा वाढली, औषध मात्र होतं तेवढंच राहिलं. 1991 साली डेनेब कॅरेन्ट्झ आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिक वनस्पती-प्लवकांच्या अनेक जातींवर अतिनील-ब सोडून पाहिलं. प्रत्येक जातीची सोसण्याची आणि सावरण्याची कुवत वेगळी होती. याचा अर्थ छिद्राखाली समुद्रातली सगळी वस्ती सारखी घटणार नव्हती. कोण उरतो आणि कोण जातो, यानुसार तिची रचनाच बदलणार होती.

शीतप्रिय जीवाणूंचे जनुकसंच वाचून होऊ लागले तसं त्यांचं फोटोलायेज वेगळं काढता येऊ लागलं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या नावावरून नाव मिळालेल्या कोलवेलिया वंशातल्या एका आर्क्टिक जीवाणूचा, कोलवेलिया सायक्रएरिथ्रिया 34एचचा, जनुकसंच 2005 साली प्रसिद्ध झाला. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे त्याचं फोटोलायेज बनवून ते ई. कोलायच्या फोटोलायेजशेजारी ठेवून तपासलं.

या वाटेवर एक वळण गोव्यावरून जातं. 6 डिसेंबर 1981 रोजी 'पोलर सर्कल' हे जहाज गोव्याहून पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम घेऊन निघालं. सय्यद झहूर कासिम तिचे नेते होते. पुढे शिर्माकर ओअॅसिस या बर्फमुक्त खडकाळ पट्ट्यात मैत्री तळ उभा राहिला, आणि आज ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र वास्कोला आहे. शिर्माकरच्या मातीतून हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतल्या एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी स्यूडोमोनास वंशातले जीवाणू वेगळे केले. त्यांतल्या एलझेड4डब्ल्यू या वाणावर मलय रे यांच्या गटानं 2010 साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. तुटलेला डीएनए सांधणारं रेकबीसीडी नावाचं विकर या जीवाणूतून काढून टाकलं, तर तो 22 अंशांवर वाढतो, पण 4 अंशांवर वाढूच शकत नाही, आणि त्याच्या पेशींत डीएनएचे तुटके तुकडे साचतात. अतिनील किरणांचा दिवासुद्धा न लावता, नुसत्या थंडीनं. त्या प्रयोगानंतर थंडीकडे केवळ सगळं मंदावणारी परिस्थिती म्हणून पाहता येत नाही. नक्कल करता करता डीएनए मोडणं हा तिथला रोजचा प्रसंग आहे, आणि वसंतातलं ऊन त्यात भर घालतं.

डायमरखेरीज अतिनील किरण आणखी एक इजा करतात, तिला 6-4 प्रकार म्हणतात. ती उजेडात सोडवणारं वेगळं फोटोलायेज ताकेशी तोदो आणि सहकाऱ्यांनी 1993 साली फळमाशीत शोधलं. एकाच विकराला दोन्ही जमणं दुर्मीळच. किंग जॉर्ज बेटावर उरुग्वेचा आर्टिगास तळ आहे. तिथल्या परिसरातून सुसाना कास्त्रो-सोविन्स्की यांच्या गटानं अतिनील किरणांना दाद न देणारे जीवाणू गोळा केले. त्यांतल्या स्फिंगोमोनासच्या एका वाणाचं विकर दोन्ही प्रकारच्या इजा दुरुस्त करतं, असं त्यांनी 2020 साली मांडलं.

अपरा (वार) असलेल्या सस्तन प्राण्यांनी, म्हणजे आपण, उंदीर, हत्ती, देवमासा या सगळ्यांच्या पूर्वजांनी, फोटोलायेज फार पूर्वी गमावलं. कांगारूंच्या कुळात ते अजून आहे. आपल्याकडे त्याचा एक भाऊबंद उरला आहे, क्रिप्टोक्रोम. तो दिवस-रात्रीचं घड्याळ सांभाळतो, डीएनए दुरुस्त करत नाही. म्हणून उन्हानं भाजलेली कातडी आपण फक्त कापून-भरून दुरुस्त करतो. 2000 साली जर्मनीतल्या संशोधकांनी फोटोलायेज चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांतून स्वयंसेवकांच्या कातडीवर लावलं, वर दृश्य प्रकाश दिला, आणि डायमर 40 ते 45 टक्क्यांनी घटले. 2022 साली उरुग्वेच्या गटानं अंटार्क्टिक जीवाणूचं फोटोलायेज माणसाच्या त्वचापेशींवर वापरून तिथंही उजेडात दुरुस्ती होते असं दाखवलं. थंडीत जन्मलेलं, सैल बांधणीचं हे प्रथिन 37 अंशांच्या उबेत किती काळ तग धरतं आणि कातडीच्या थरांतून पेशीकेंद्रापर्यंत किती पोचतं, यावर आता त्याचं औषध म्हणून भवितव्य ठरायचं आहे.